गद्दार कोण ते पहिल्याच पानावर सांगा

बहिर्जी नाईकाला कधी घटकाभरही शंका आल्याचं मी मराठीत वाचलेलं नाही. तो फकीर होतो, गोसावी होतो, वासुदेव होतो. शत्रूच्या छावणीत महिनोन्‌महिने राहतो, त्यांच्या ताटातलं खातो, त्यांची लेकरं मांडीवर खेळवतो, आणि परत येऊन मुजरा घालतो तेव्हा गेला होता तसाच्या तसा कोरा असतो. काल ज्याला भाऊ म्हटलं त्याची मान आज आपल्या बातमीमुळे कापली गेली, हे त्याच्या झोपेच्या आड कधी येत नाही. असल्या माणसाला हेर म्हणत नाहीत, टपाल म्हणतात.

अभिप्रायासाठी ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे येत असतात, आणि हल्ली त्यांत हेरकथांचं पेव फुटलं आहे. पुढेमागे वेब मालिका निघेल या आशेवर प्रत्येक प्रकरण धक्क्यावर संपवलेलं. फितूर कोण हे कळायला वाचकाला कष्ट पडू नयेत म्हणून त्याचे डोळे बारीक, ओठ पातळ आणि बोलणं लाडीगोडीचं. तंजावरच्या राजवाड्यात, सरस्वती महालाच्या छोटेखानी संग्रहालयात, शार्ल ल ब्रून या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची चित्रं लावलेली आहेत: जनावराचं तोंड आणि शेजारी त्या जनावरासारखा दिसणारा माणूस. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं हे शास्त्र युरोपात केव्हाच मोडीत निघालं. मराठी ऐतिहासिक कादंबरीत त्याचा धंदा अजून जोरात आहे.

त्याच आवारात महाराष्ट्रातून आलेल्या एका यात्रा कंपनीच्या घोळक्यामागून मी थोडा वेळ चाललो. मंडळी बृहदीश्वर उरकून आली होती, पुढे रामेश्वर गाठायचं होतं. दरबार हॉलच्या रंगवलेल्या खांबांखाली एका गृहस्थांनी गाइडला विचारलं, ‘भुयार कुठंय?’ भुयार बघायला मिळणार नव्हतं. मग सरफोजी राजांच्या चित्राकडे बोट करून, ‘हे आपले भोसले ना? मग इंग्रजांशी लढाई कुठं झाली?’ गाइड बिचारा प्रामाणिक. म्हणाला, ‘नो फाइट, सर. ही डिड आय ऑपरेशन.’ मंडळींचे चेहरे उतरले. आडनाव भोसले आणि लढाई नाही, म्हणजे तिकिटाचे पैसे वाया.

माझं भांडण त्या गृहस्थांशी नाही. त्यांना जे वाचायला दिलं तेच ते शोधत होते. भांडण देणाऱ्यांशी आहे. युद्धकाळातली हेरकथा म्हणजे एका काळजाला दोन धनी असण्याची कथा. पाठलाग, वेषांतर, सांकेतिक खुणा हा सगळा त्यावरचा साज. तंजावरच्या मराठी राज्याचं १६७६ पासून १८५५ पर्यंतचं जवळजवळ प्रत्येक पान या दुहेरी इमानाने बरबटलेलं आहे. आणि आमचे हेरकथाकार कोल्हापूर ओलांडत नाहीत, कारण त्यापुढे कोणाला मुजरा घालायचा ते कळेनासं होतं.

सुरुवातच बघा. १६६५ च्या डिसेंबरात मिर्झाराजे जयसिंगाची फौज विजापूरवर चालून गेली. पुरंदरच्या तहामुळे शिवाजी महाराज त्या फौजेत, म्हणजे मोगलांच्या बाजूने. समोर विजापूरच्या फौजेत त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी. ‘स्वराज्याचा शत्रू’ या दोघांतला कोण? शाळेतल्या पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही, ते समजू शकतो. कादंबरीकाराला पडत नसेल तर तो काय लिहितो?

पुढे त्याच विजापूरच्या हुकमाने व्यंकोजी दक्षिणेत उतरले आणि तंजावर बळकावून राजे झाले. त्यांच्या कारभारात रघुनाथ नारायण हनमंते हे बडं प्रस्थ. बाप शहाजीराजांच्या पदरी, स्वतः व्यंकोजींच्या पदरी, दौलतीची खडान्‌खडा माहिती. धन्याशी बिनसलं तसे पंत उठले, गोवळकोंड्याला वजीर मादण्णांशी सूत जमवलं आणि शिवाजी महाराजांकडे आले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेच्या आखणीत त्यांचा हात मोठा. म्हणजे काय झालं? एका भोसल्याचं मीठ खाल्लेला कारभारी त्याच्या घरातली सगळी गुपितं घेऊन दुसऱ्या भोसल्याकडे गेला. पंत आपल्या बाजूला आले म्हणून आपण त्यांना मुत्सद्दी म्हणतो. रायगडावरून उठून तंजावरला गेले असते तर आज त्यांच्या नावाने बायका बोटं मोडत असत्या.

त्या वर्षीच्या जुलैत कोल्लिडम नदीच्या उत्तर तीरावर दोघे भाऊ भेटले. काही दिवस पंगती झडल्या. महाराजांनी वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला, आणि एका रात्री व्यंकोजी मोजकी माणसं घेऊन तराफ्यावरून नदीपार पळाले. पाँडिचेरीच्या फ्रांस्वा मार्तँच्या रोजनिशीत या भेटीची बातमी आहे, म्हणजे तिकडे फ्रेंचांचेही कान टवकारलेले होते. तो तराफा डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्याचं पाणी, मागे थोरला भाऊ, पुढे आपलं राज्य, आणि आपल्याच कारभाऱ्याने आपल्याला इथवर आणलं हे ठाऊक असलेला माणूस. मराठीत त्या तराफ्यावर बसायला कोणी तयार नाही. सगळे उत्तर तीरावर महाराजांच्या तंबूत गर्दी करून आहेत, कारण तिथे उजेड आहे.

नोव्हेंबरात वालिकोंडपुरमजवळ व्यंकोजींची गाठ पडली संताजी भोसल्यांशी. हेही शहाजीराजांचेच पुत्र, आधी तंजावरला भावाजवळ होते, मग महाराजांना येऊन मिळाले. दिवसा व्यंकोजींनी त्यांना मागे रेटलं. रात्री संताजींनी बेसावध छावणीवर घाला घातला आणि डाव उलटवला. बापाच्या तीन पोरांनी मिळून केलेला हा प्रकार शेवटी मिटवला एका बाईने, व्यंकोजींच्या राणी दीपाबाईंनी. महाराजांनी त्यांना चोळीबांगडीसाठी मुलूख तोडून दिला. दोन्ही बाजूंना निरोप कोणाकरवी जात होते, कोणावर कोणाचा विश्वास होता, नवऱ्याच्या पाठीमागे किती ठरलं आणि समोर किती, यातून एक अख्खी कादंबरी निघते. दीपाबाई आमच्याकडे एका परिच्छेदात येऊन जातात, तेही हळदीकुंकवाला आल्यासारख्या.

आता बहिर्जीबद्दलची आणखी एक गंमत. ज्या सभासदाच्या बखरीतल्या ओझरत्या उल्लेखावर आमचा सगळा बहिर्जी उभा आहे, ती बखर लिहिली गेली जिंजीत, याच तमिळ मुलखात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. तेव्हा किल्ल्याखाली औरंगजेबाची फौज बसलेली होती. कृष्णाजी अनंत सभासद किल्ल्यात बसून थोरल्या महाराजांचं चरित्र लिहीत होता, आणि तटाखाली जे चाललं होतं ते हेरकादंबरीकार ल कारेला सुचलं असतं तर त्याने दोन वर्षं दुसरं काही लिहिलं नसतं. वेढा देणारा झुल्फिकारखान आतल्या मराठ्यांशी संधान बांधून. शहाजादा कामबक्ष बापाच्या नकळत राजारामाशी पत्रव्यवहार करतो आणि त्याच झुल्फिकारखानाच्या कैदेत पडतो. तंजावरचे शहाजी राजे, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र, चुलतभावाला रसद पुरवतात आणि १६९४ मध्ये मोगलांपुढे मान तुकवून खंडणीही कबूल करतात. यातला खरा कोण, असा प्रश्न तेव्हा विचारला असता तर लोक हसले असते.

आणि गणोजी शिर्के. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटात त्यांना संभाजी महाराजांचा घात करणारा म्हणून दाखवलं, शिर्के घराण्यातल्या लोकांनी हरकत घेतली, दिग्दर्शकाने माफी मागितली. एवढ्या गदारोळात कोणी जिंजीचं नाव काढलं नाही. १६९७ मध्ये हेच गणोजी मोगलांच्या छावणीत होते, आणि बखरी सांगतात की राजाराम महाराजांना वेढ्यातून निसटायला यांनीच वाट दिली. त्यासाठी चिटणीस खंडो बल्लाळांना आपलं दाभोळचं वतन यांना सोडावं लागलं. म्हणजे वतनासाठी शत्रूकडे गेलेला माणूस वतनासाठीच मराठ्यांचा राजा वाचवतो. याला गद्दार म्हणणारे आणि तसं म्हटलं म्हणून नोटीस पाठवणारे एकाच शाळेत शिकलेले आहेत. दोघांनाही हा माणूस नको, दोघांना बिल्ला पाहिजे.

खरी मेजवानी पुढच्या शतकात, तंजावरहून एका दिवसाच्या मजलेवर, तिरुचिरापल्लीला आहे. १७५२ चा उन्हाळा. श्रीरंगमच्या बेटावर फ्रेंच आणि त्यांचा नवाब चंदासाहेब कोंडीत सापडलेले. भोवताली कोण? मेजर लॉरेन्स आणि क्लाइव्ह, नवाब महंमद अली, म्हैसूरचा नंजराज, मुरारराव घोरपडे, आणि तंजावरच्या प्रतापसिंह राजांचा सेनापती मानोजी. हाच चंदासाहेब पूर्वी साताऱ्याला मराठ्यांच्या कैदेत वर्षानुवर्षं होता. सुटून आल्यावर, १७४९ च्या शेवटी, त्याने तंजावरलाच वेढा घातला होता. तोच आता जीव वाचवायला तंजावरच्या सेनापतीची पायरी चढतो. पैशांचा सौदा ठरतो. मानोजी आपल्या हत्यारांवर हात ठेवून शपथ घेतो, कारैकलपर्यंत सुखरूप पोचवायचं वचन देतो. चंदासाहेब रात्री येतो आणि थेट बेड्यांत पडतो.

मग त्या एका कैद्यावर चौघांचा दावा. लॉरेन्स म्हणतो आमच्या ताब्यात द्या. नवाबाला तो हवा, म्हैसूरकरांना हवा, मुराररावांना हवा. ज्याच्या हाती चंदासाहेब त्याच्या हाती कर्नाटकाचं राजकारण. मानोजीने विचार केला की कोणालाही दिला तरी बाकीचे तिघे आपल्या उरावर बसणार. त्याने तंबूत चंदासाहेबाचं डोकं उडवून घेतलं आणि प्रश्न मिटवला. फ्रेंच गव्हर्नर डुप्लेने खापर लॉरेन्सवर फोडलं, लॉरेन्सने हात झटकले. रॉबर्ट ऑर्मने १७६३ मध्ये छापलेल्या इतिहासात हे सगळं आहे. त्यात मानोजी मोनॅकजी होऊन बसला आहे.

हा माणूस काय होता? शपथ मोडणारा हरामखोर? धन्याचा वैरी नाहीसा करणारा इमानी चाकर? की चार दांडग्यांच्या मध्ये सापडलेला एका छोट्या राज्याचा सेनापती? तिन्ही होता, एकाच रात्री. आणि त्याचं पुढे काय झालं ते आणखी झकास आहे. दरबारात सखोजी नावाच्या कारभाऱ्याने त्याच्यावर मात केली. नंजराजाचा पैसा तंजावरात खेळू लागला. राजाने मानोजीला दूर केलं आणि इंग्रजांची दोस्ती ठेवावी की सोडावी या दुग्ध्यात दिवस काढले. एव्हाना मुरारराव घोरपडे बाजू बदलून फ्रेंच आणि म्हैसूरकरांकडे गेलेले. १७५४ मध्ये त्यांनी तंजावरच्या घोडदळाची कत्तल केली. मराठ्यांनी मराठे कापले, दोन्हीकडे हर हर महादेव. त्यानंतर राजाला मानोजी आठवला आणि सखोजी गेला.

त्याच १७५४ मध्ये तिरुचिरापल्लीच्या छावणीत पोन्नियप्पा नावाचा दुभाषी होता. लॉरेन्सची नवाबाशी, म्हैसूरशी, तंजावरशी जी काही खलबतं व्हायची ती याच्या तोंडून. नंजराजाने त्याला विकत घेतलं होतं. त्याने शिपायांचा कमांडंट यूसुफखान याला अडकवायचं ठरवलं. यूसुफखान किल्ला देण्याचा सौदा करतोय, असं दाखवणारं एक बनावट पत्र पेरलं. पत्र सापडलं, यूसुफखान अटकेत गेला. चौकशीत पत्र पोचवणारा ब्राह्मण फुटला आणि लिहवून घेणाऱ्याचं नाव बाहेर पडलं. पोन्नियप्पाला तोफेच्या तोंडी दिलं. यूसुफखान निष्कलंक सुटला. आणि दहा वर्षांनी, १७६४ मध्ये, त्याच यूसुफखानाला त्याच कंपनीच्या आणि नवाबाच्या फौजांनी मदुरैला फासावर चढवलं, बंडखोर म्हणून. या वेळी आरोप खरा होता. पकडून दिला तो त्याच्याच पदरच्या मार्शां नावाच्या फ्रेंचाने.

१७५४ मधल्या त्या अटकेच्या रात्री यूसुफखानाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? ज्यांच्यासाठी रक्त आटवलं त्यांनी एका चिठ्ठीवर विश्वास ठेवला. माणसाचं इमान कुठे फुटतं, याचं याहून नेमकं ठिकाण मला तरी माहीत नाही. तमिळ माणसाला हा यूसुफखान मरुदनायगम म्हणून ठाऊक आहे. कमल हासनने १९९७ मध्ये इंग्लंडच्या राणीला मुहूर्ताला बोलावून त्याच्यावर चित्रपट सुरू केला. तो पैशापायी अडला, पण निदान अडण्याइतपत तरी गेला.

तमिळांचं नाव काढलं की आमच्याकडच्या काही जणांना ठसका लागतो, तरी सांगतो. याच तंजावरवर कल्की कृष्णमूर्तींनी १९५० ते ५४ मध्ये ‘पोन्नियिन सेल्वन’ लिहिली. गोष्ट चोळांची. तिच्यात प्रधानाचा हेर आहे, शैवांशी रस्तोरस्ती वाद घालत फिरणारा. पांड्य राजाच्या सुडासाठी चोळांच्या घरात शिरलेली माणसं आहेत. नंदिनी आहे, तिचं काळीज नक्की कोणत्या बाजूला हे पाच भाग वाचूनही सांगता येत नाही. आणि युवराज आदित्य करिकालनाला कोणी मारलं हे कल्कींनी उघडं ठेवलं. सत्तर वर्षं तमिळ वाचक त्यावर भांडतो आहे आणि मजेत आहे. त्याच्या भावना दुखावल्या नाहीत. ही कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः आली होती, म्हणजे ती ‘मोजक्या जाणकारांसाठी’ होती असंही म्हणायची सोय नाही.

मराठीला हे जमतच नव्हतं असंही नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’मध्ये बाप विजापूरचा इमानी किल्लेदार आहे आणि मुलगा शिवाजी महाराजांकडे ओढला गेलेला. बापाच्या इमानाची हरिभाऊंनी टिंगल केली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी जे समजत होतं ते आता समजत नाही, याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

राजवाड्यापासून थोड्या अंतरावर, शिवगंगा तळ्याजवळ, श्वार्ट्झचं चर्च आहे. आत जॉन फ्लॅक्समनने घडवलेला संगमरवरी देखावा. पलंगावर मरणासन्न पाद्री श्वार्ट्झ, उशाशी दुसरा पाद्री, पायथ्याशी शाळेची पोरं, आणि पगडी घातलेला तरुण सरफोजी त्याचा हात हातात घेऊन उभा. शिल्पकार लंडनमध्ये बसून इतकं मऊ कोरतो की दगडात काही राजकारण असेल असा संशयही येऊ नये. पण तो पलंगावरचा माणूस कोण होता? जन्माने जर्मन, आलेला डॅनिश मिशनतर्फे, पुढे पोसलेला इंग्रजांनी. तमिळ, मराठी, फारसी बोलणारा. १७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने त्याला गुपचूप श्रीरंगपट्टणला हैदरकडे पाठवलं, कारण हैदरचा विश्वास बसेल असा गोरा माणूस तेवढाच होता. तो गेला, शांततेच्या गोष्टी बोलला. पुढच्याच वर्षी हैदर कर्नाटकावर तुटून पडला. युद्धातही हैदरच्या लोकांनी याला हात लावला नाही. तंजावरचा किल्ला उपाशी मरायला टेकला तेव्हा शेतकऱ्यांनी राजाच्या नाही, याच्या शब्दावर धान्य आणलं. तो कोणाचा माणूस होता? देवाचा, कंपनीचा, की त्या पोरक्या राजपुत्राचा? सरफोजीचं संगोपन त्याने केलं, गादीवरचा त्याचा हक्कही त्यानेच लावून धरला. फेब्रुवारी १७९८ मध्ये तो मेला, त्याच वर्षी कंपनीने गादीवरच्या अमरसिंहांना उतरवून सरफोजींना बसवलं, आणि १७९९ च्या तहाने राज्य काढून घेऊन किल्ला तेवढा हातात ठेवला.

या सरफोजींनी पुढे समुद्रकिनारी मल्लिपट्टणमजवळ आठ मजली मनोरा बांधला. कशासाठी? नेपोलियनचा पाडाव आणि इंग्रजांचा विजय साजरा करायला. लेख पाच भाषांत, त्यात मराठीही. वर्ष १८१४. तीन वर्षांनी इंग्रजांनी पुणं घेतलं. आणि याच सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर सगळ्या भोसले कुळाचा इतिहास मराठीत खोदवून ठेवला होता, शिवाजी महाराजांसकट. एक दगड कुळासाठी, एक कंपनीसाठी. भिंत वाचायला आमचे लोक जातात, फोटो काढतात. मनोऱ्याकडे कोणी फिरकत नाही, कारण तिथे फोटो कोणत्या चेहऱ्याने काढायचा हा प्रश्न. इमानाची पावतीही कंपनीने चोख दिली: १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र निपुत्रिक वारले तशी गादी गेली, राण्यांची खासगी मालमत्तासुद्धा सीलबंद झाली, आणि कामाक्षीबाईसाहेब लंडनपर्यंत भांडल्या तेव्हा १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की हे राज्याचं कृत्य आहे, कोर्टाला त्यात पडता येत नाही.

मध्यंतरी एका तरुण लेखकाचं हस्तलिखित आलं. विषय मानोजी. मी आनंदाने दोनदा वाचलं आणि छापा म्हणून कळवलं. चंदासाहेबाच्या शपथेचं प्रकरण त्याने असं लिहिलं होतं की शपथ घेताना मानोजी ती पाळणार आहे की मोडणार आहे हे मानोजीलाच माहीत नव्हतं. प्रकाशकांचा फोन आला. ‘सगळं उत्तम आहे हो, पण शेवटी हा मानोजी नक्की कुणाचा? वाचक गोंधळतो.’ म्हटलं, गोंधळू द्या. ते हसले. लेखकाकडून त्यांनी एक नवं प्रकरण लिहून घेतलं: मरताना मानोजी उत्तरेकडे तोंड करतो, सह्याद्री आठवतो आणि रायगडाला मुजरा घालतो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आहे.